मैदान पाडल्यानंतर: तळकोकणातल्या एका फुटबॉल स्टेडियमच्या नोंदीचं प्रकरण

गाव, मंडळ आणि माणसं यांची नावं या लेखात मुद्दाम दिलेली नाहीत. मंडळाच्या कामात नकाशा आणि नोंदींची बाजू माझ्याकडे होती, त्यामुळे पुढचं सगळं त्या बाजूने पाहिलेलं आहे.

## पार्श्वभूमी

सिंधुदुर्गाच्या दक्षिण टोकाकडच्या एका तालुक्याच्या गावात फुटबॉलचं मैदान होतं. गावात सगळे त्याला स्टेडियमच म्हणत. पश्चिमेच्या अंगाला जांभ्या चिऱ्यांची पायऱ्यापायऱ्यांची गॅलरी होती, तिच्या दक्षिणेला दोन खोल्यांचं कौलारू पॅव्हेलियन, आणि बाकीच्या तीन बाजूंना कमरेएवढा गडगा, म्हणजे दगड रचून केलेलं कुंपण. गॅलरी पश्चिमेला बांधण्यामागे विचार होता: सामने दुपार कलल्यावर सुरू होत, आणि मावळतीचं ऊन प्रेक्षकांच्या पाठीवर राही. ज्यांनी ती बांधली त्यातला एकही इंजिनियर नव्हता. चिरे गावच्याच खाणीतले, मजुरी बरीचशी श्रमदानाची, आणि रोख पैसा मुंबईच्या चाकरमान्यांनी जमवलेला.

कोकणात टेनिस बॉलचं क्रिकेट सगळीकडे आहे, फुटबॉल सगळीकडे नाही. या पट्ट्यात तो रुजला याची कारणं नकाशावरच दिसतात. तेरेखोलची खाडी ओलांडली की गोवा. तिथे 1883 साली शिवोलीत फादर विल्यम रॉबर्ट लायन्स यांनी फुटबॉल आणला असं मानतात, आणि शिवोली इथून काही फार लांब नाही. आंबोलीचा घाट चढून गेलं की कोल्हापूर, जिथे पेठापेठांचे संघ आणि शाहू स्टेडियमवरची गर्दी हा शहराच्या स्वभावाचाच भाग आहे. तिसरी वाट मुंबईची. गिरणीत, गोदीत, कंपनीत लागलेली इथली पोरं तिथल्या कूपरेज मैदानावर सामने पाहत. 1891 साली सुरू झालेल्या रोव्हर्स कपच्या गोष्टी ती मे महिन्यात गावी घेऊन येत.

मंडळाची शिल्ड स्पर्धा पावसाळा सरल्यावर भरे. तिकीट लावायचं तर मैदान झाकायला हवं, म्हणून गडग्यावर बांबू रोवून माडाची झापं बांधत. झापांच्या फटीतून फुकट बघणाऱ्या पोरांना हाकलायचं काम ज्याच्याकडे असे, त्याला सामना कधीच नीट बघायला मिळत नसे. बायका शाळेच्या पडवीत बसत, कारण गॅलरीत त्यांना जागा नव्हती. हा तपशील पुढे महत्त्वाचा ठरला.

मग जे सगळीकडे झालं ते इथेही झालं. पोरं नोकरीला बाहेर गेली, उरलेली क्रिकेटकडे वळली, शिल्ड आधी एक वर्ष चुकली आणि नंतर बंदच पडली. एका पावसात गॅलरीचं उत्तरेकडचं टोक खचलं. तपासणीत गॅलरी धोकादायक ठरली. त्या जागेवर व्यापारी संकुल आणि वाहनतळ करायचं ठरलं, आणि एके दिवशी जेसीबी आला.

## अडचण नेमकी काय होती

पाडकाम झाल्यावर जुन्या खेळाडूंची पहिली बैठक शाळेत झाली. सगळ्यांचं म्हणणं एकच: स्टेडियमचा इतिहास लिहून काढायचा. पण इतिहास म्हणजे काय, यावर पहिल्या अर्ध्या तासातच तीन मतं पडली. काहींना शिल्ड जिंकणाऱ्या संघांची यादी हवी होती. काहींना मैदान कोणी घालवलं ते लिहायचं होतं. तिसऱ्या गटाला ते मुळात कोणी उभं केलं हे ठरवायचं होतं, आणि हा सगळ्यात तापलेला प्रश्न होता. ख्रिस्ती शिक्षकांनी पहिला चेंडू आणला, असं एका वाडीचं म्हणणं. संघ उभा राहिला तो बंदरावरच्या गाबीत (मच्छीमार) पोरांच्या जोरावर, असं दुसरीचं. दोन्ही बाजू खऱ्या बोलत होत्या, पण आपला भाग तोच पूर्ण इतिहास असं दोघांनाही वाटत होतं.

कागदांची अवस्था वाईट होती. मंडळाची एक पत्र्याची ट्रंक पॅव्हेलियनमध्ये असे. पाडकामाच्या आदल्या संध्याकाळी कोणीतरी ती घरी नेली, म्हणून वाचली. आत सभांच्या इतिवृत्ताची वही होती, ती वाळवीने मधोमध खाल्लेली. काही पावतीपुस्तकं होती, आणि फोटोंचा एक गठ्ठा दमटपणाने एकमेकांना चिकटलेला. कोकणात कागदाचा खरा वैरी पाऊस. मृगापासून हस्तापर्यंत बंद ट्रंकेत काय होतं, ते इथल्या कुठल्याही देवस्थानाच्या दप्तरात बघायला मिळेल.

या सगळ्याच्या मुळाशी एक गोष्ट होती, जी बैठकीत कोणी बोलून दाखवली नाही. सामन्यांचे निकाल कधी ना कधी सापडू शकतात, कुणाच्या तरी घरी कात्रण असतं, कुणाकडे ढाल असते. पण गोल कुठे होता, मैदानाचा उतार कुठल्या बाजूला होता, कॉर्नर मारताना मागे पाऊल टाकायला जागा किती होती, हे कोणी लिहून ठेवत नाही, कारण मैदान समोर असतं. ते गेलं की हे सगळं आधी जातं. आणि त्या मैदानावरचा खेळ तर याच गोष्टींनी घडलेला होता. पलीकडच्या अंगाला उतार असल्याने पहिल्या अर्धात कोणत्या बाजूने खेळायचं, हे नाणेफेक जिंकणारा संघ आधीच ठरवून येई.

## कोणते पर्याय समोर होते

पहिला पर्याय भांडण्याचा. विकास आराखड्यात त्या जागेवर खेळाच्या मैदानाचं आरक्षण होतं. ते बदलायचं तर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 37 खाली सूचना प्रसिद्ध करून हरकती मागवाव्या लागतात, आणि त्यासाठी एक महिन्याची मुदत असते. तशी सूचना निघाली होती. ती निघाली तेव्हा गावात गणपतीची धावपळ चालली होती, आणि मंडळातल्या एकानेही हरकत नोंदवली नाही. मुदत कधीच उलटलेली होती. कोर्टात जाऊ म्हणणारे होते, पण गॅलरी जमीनदोस्त झाल्यावर कोर्टाकडून नेमकं काय मागायचं, याचं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं.

दुसरा पर्याय स्मरणिकेचा. जाहिराती गोळा करायच्या, मान्यवरांचे शुभसंदेश छापायचे, मागे खेळाडूंचे पासपोर्ट फोटो. हे लवकर होण्यासारखं होतं आणि बहुतेकांना तेच हवं होतं. मला त्यात धोका दिसत होता. स्मरणिकेत जे पहिल्यांदा छापलं जातं तेच पुढे पुरावा म्हणून चालतं, आणि आमच्याकडे तर अजून एकही गोष्ट पडताळलेली नव्हती.

तिसरा पर्याय एका निवृत्त मास्तरांच्या वाचनातून आला. इंग्लंडमधल्या मिडल्सब्रो या शहरात एअरसम पार्क नावाचं मैदान होतं, 1903 साली सुरू झालेलं. 1966 च्या विश्वचषकात 19 जुलैला तिथे उत्तर कोरियाने इटलीला 1-0 असं हरवलं, गोल पाक दू-इकचा. फुटबॉलच्या इतिहासातल्या सगळ्यात धक्कादायक निकालांपैकी तो एक. कोरियन संघाचा पोशाख लाल, मिडल्सब्रोचाही लाल, आणि त्या गावाने या अनोळखी पाहुण्यांना आपलंसं करून टाकलं होतं. 1995 साली क्लब नव्या मैदानावर गेला आणि 1997 मध्ये जुनं पाडलं. तिथे आता घरं आहेत. पण नेव्हिल गेबी या कलाकाराने त्या वसाहतीत जुन्या मैदानाच्या खुणा बसवल्या. पेनल्टीची जागा, गोलाची जागा आणि पाक दू-इकने जिथून फटका मारला ती जागा, असं सगळं रस्त्यांत आणि अंगणांत मूळ ठिकाणी दाखवलं आहे. क्लबचं जुनं लोखंडी फाटक नव्या मैदानाबाहेर उभं आहे.

मास्तरांनी लंडनच्या आर्सेनल क्लबच्या हायबरी मैदानाचंही उदाहरण दिलं. ते मैदान 2006 मध्ये बंद झालं. तिथल्या पूर्वेच्या स्टँडला वारसा वास्तूचं संरक्षण होतं, म्हणून त्याचा दर्शनी भाग राखून आत घरं केली आणि खेळाच्या मैदानाच्या जागी बाग झाली. याउलट लंडनमधल्याच 1923 च्या जुन्या वेम्बली स्टेडियमचे जगप्रसिद्ध जुळे मनोरेसुद्धा नव्या स्टेडियमसाठी पाडले गेले. पैसा आणि प्रसिद्धी असूनही काय राहतं आणि काय जातं हे शेवटी वेळेवर घेतलेल्या निर्णयांवर असतं, एवढं त्यातून बैठकीला पटलं. आमच्या चिऱ्याच्या गॅलरीला कुठलंच संरक्षण नव्हतं. पण एअरसमसारख्या खुणा बसवायला संरक्षण लागत नाही, अचूक जागा माहीत असावी लागते.

बराच वाद झाल्यावर ठरलं ते असं: आधी फक्त ‘कुठे काय होतं’ एवढंच शोधायचं. कोणी आणलं, कोणी घालवलं, कोण भारी खेळायचं, हे नंतर. वाड्यांमधला वाद त्यामुळे मिटला नाही, बाजूला राहिला. तेवढं पुरेसं होतं, कारण गोल कुठे होता या प्रश्नाला जात नाही आणि पक्षही नाही.

## प्रत्यक्ष काय केलं

सुरुवात सरकारी कागदांपासून केली. भूमी अभिलेख कार्यालयातून जागेचा मोजणी नकाशा काढला. माहिती अधिकार कायदा, 2005 खाली दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून पाडकामाचं अंदाजपत्रक आणि मोजमाप पुस्तिकेच्या प्रती मागितल्या. हा अर्ज करावा असं मी सुचवलं तेव्हा, पाडल्याचा हिशेब घेऊन काय करणार, असं काहींनी विचारलं. पण पाडकामाचं बिल घनमीटरवर निघतं, आणि घनमीटर काढायला कुणाला तरी लांबी, रुंदी, उंची मोजून लिहावीच लागते. गॅलरी उभी असताना तिची मापं कोणी घेतली नव्हती. ती पाडताना ठेकेदाराने घेतली. त्या पुस्तिकेत गॅलरीची लांबी, पायऱ्यांची संख्या आणि पॅव्हेलियनच्या दोन्ही खोल्यांची मापं ओळीने मिळाली. माझ्या दृष्टीने सगळ्या कामातला सगळ्यात मोलाचा कागद तो.

नंतर माणसं. इथे एक निर्णय पक्का केला: जुन्या खेळाडूंना जागेवर एकेकट्याला न्यायचं. चारजण एकत्र आले की ज्याचा आवाज मोठा त्याचीच आठवण सगळ्यांची होते. प्रत्येकाच्या हातात एक खुंटी द्यायची आणि एवढंच म्हणायचं, “काका, उत्तरेचा गोल जिथे होता तिथे रोवा.” खुंटीवर क्रमांक लिहून जागा मोजायची, मग ती उपटून टाकायची, म्हणजे पुढच्याला दिसणार नाही. एक गोलकीपर होते, ऐंशीच्या घरातले, चालताना काठी लागणारे. ते सरळ एका जागी जाऊन उभे राहिले, दोन्ही हात बाजूंना पसरले, डावी-उजवीकडे पाहिलं आणि म्हणाले, “खांबो हयसरच होतो, माका बरोबर आठावता.” कशावरून, म्हणून विचारलं. त्यांनी मान वर करून देवळाच्या दीपमाळेकडे बोट दाखवलं. पेनल्टी अडवायला उभं राहिलं की दीपमाळ उजव्या खांबाच्या मागे लपायची, म्हणे. गोलकीपर अनेक वर्षं एकाच जागेवरून एकच दृश्य बघत असतो. फॉरवर्ड खेळणाऱ्यांच्या खुंट्या लांबलांब पडल्या, गोलकीपरांच्या मात्र एकमेकींजवळ.

दीपमाळेची ती खूण फोटोंत सापडली. चिकटलेला गठ्ठा उघडायची घाई करू नये यावर मी अडून बसलो, आणि एका जाणकाराच्या देखरेखीखाली जे फोटो मोकळे होण्यासारखे होते तेवढेच मोकळे केले. त्याआधीच एकाने आपल्या घरचे दोन फोटो जपायचे म्हणून लॅमिनेट करून आणले होते. हेतू चांगला होता, पण ओल त्या प्लॅस्टिकच्या आतच कोंडली आणि आता ते फोटो बाहेर काढता येत नाहीत. बाकीचे सगळे फोटो लगेच दिवसाच्या उजेडात, सपाट ठेवून, मोबाईलने काढून घेतले.

त्यातला एक फोटो पॅव्हेलियनच्या पडवीतून काढलेला होता. त्यात गोलाचा एक खांब बरोबर दीपमाळेच्या रेषेत येत होता. दुसरा गॅलरीच्या वरच्या पायरीवरून काढलेला. त्यात तोच खांब शाळेच्या इमारतीच्या कोपऱ्याशी जुळत होता. दीपमाळ आणि शाळा अजून जागेवर आहेत. पॅव्हेलियन आणि गॅलरीचं स्थान मोजणी नकाशा आणि मोजमाप पुस्तिकेवरून नक्की झालेलं होतं. नकाशावर दोन रेषा ओढल्या, आणि त्या जिथे एकमेकींना छेदल्या ती जागा गोलकीपरांच्या खुंट्यांच्या मधोमध आली. तिथे राडारोडा बाजूला सारून खोदलं तेव्हा जमिनीखाली कापलेल्या लोखंडी पाइपाचं बूड निघालं. गोलाच्या दोन खांबांमधलं आतलं अंतर नियमाने 7.32 मीटर. तेवढं मोजून दुसऱ्या बाजूला खोदलं, तिथेही बूड निघालं.

एक गोल पक्का झाला की बरंच काही नियमांवरून मिळतं. पेनल्टीची खूण गोलरेषेपासून 11 मीटरवर, पेनल्टी क्षेत्र 16.5 मीटरचं, लहान चौकट 5.5 मीटरची. दुसरा गोल मात्र असा मिळत नाही, कारण मैदानाची लांबी नियमाने ठरलेली नसते. ती 90 ते 120 मीटरच्या दरम्यान कितीही चालते. तो शोधायला गूगल अर्थवरची जुनी उपग्रह चित्रं कामी आली. उन्हाळ्यातल्या एका चित्रात दक्षिणेच्या गोलासमोरचा गवत उडालेला तांबडा पट्टा स्पष्ट दिसत होता. गोलकीपरच्या पायांनी झिजलेली ती जमीन होती. तिथून मागे मोजत गेल्यावर दक्षिणेचा गोल संकुलाच्या जिन्याखाली येतो असं निघालं. उत्तरेच्या गोलाइतकी खात्री इथे नाही, आणि नकाशावर तसं लिहिलं आहे.

## काय साधलं

जागेचा मोठा नकाशा आता गावच्या वाचनालयात भिंतीवर आहे. त्यात गॅलरी, पॅव्हेलियन, गडगा, झापांचं फाटक, उत्तरेचा गोल आणि पेनल्टीची खूण भरीव रेषेत दाखवली आहे. फक्त आठवणीवर किंवा अंदाजावर असलेल्या गोष्टी तुटक रेषेत आहेत. हा फरक दाखवायचा की नाही यावर चर्चा झाली होती. तुटक रेषांनी नकाशा कच्चा दिसतो, असं एकाचं म्हणणं. ते बहुमताने नाकारलं गेलं आणि मला ते योग्यच वाटतं.

वाहनतळात उत्तरेच्या गोलाच्या दोन खांबांच्या जागी आणि पेनल्टीच्या जागी एकेक चिरा जमिनीच्या पातळीत बसवायला स्थानिक प्रशासनाने परवानगी दिली. चिरे पाडलेल्या गॅलरीतलेच. ते बसवलेही. पण पुढे पेव्हर ब्लॉक घालणाऱ्या ठेकेदाराला याची कल्पना नव्हती आणि पेनल्टीचा चिरा ब्लॉकखाली गेला. जागा मोजलेली असल्याने तो पुन्हा वर काढणं कठीण नाही, त्यासाठी पत्रव्यवहार चालू आहे.

स्मरणिका झाली नाही. विजेत्यांची यादी अर्धवट आहे. एका वादग्रस्त अंतिम सामन्याचे दोन निकाल दोन घरांतून सांगितले जातात. दोन्ही निकाल, ते सांगणाऱ्यांच्या शब्दांत, नोंदवून ठेवले आहेत. मैदान कोणी उभं केलं याचं उत्तर इतिवृत्ताच्या वाळवीने न खाल्लेल्या पानांवर थोडंसं मिळालं: चिरे वाहून आणणाऱ्यांची वाडीवार यादी. तिच्यात गावातली जवळजवळ प्रत्येक वाडी आहे.

## पुन्हा करायचं झालं तर

सगळ्यात मोठा निर्णयाचा क्षण पाडकामाच्या कितीतरी आधी येऊन गेला होता. हरकतीच्या महिन्यात मंडळाने पत्र दिलं असतं तर गॅलरी वाचली असती असं मी म्हणत नाही. ती खरोखर धोकादायक झाली होती. पण पत्र असतं तर सुनावणी झाली असती, आणि सुनावणीत ‘पाडण्याआधी मोजमाप आणि फोटो करू द्या’ एवढी मागणी कोणीही नाकारली नसती. लांब टेप, दोन माणसं आणि एक दिवस, एवढंच ते काम होतं. पुढे जे महिनोन्महिने शोधावं लागलं ते त्या एका दिवसात झालं असतं. पॅव्हेलियनच्या भिंतीवर खिळ्याने कोरलेली खेळाडूंची नावं होती. ती मात्र कुठल्याच मोजमाप पुस्तिकेत नसतात.

दुसरी गोष्ट बायकांची. त्यांना सगळ्यात शेवटी विचारलं गेलं, कारण मुलाखतींची पहिली यादी खेळाडूंचीच होती. शाळेची पडवी मैदानाच्या पूर्वेला, थोड्या उंचावर. गॅलरीतले लोक एका बाजूने बघत होते आणि या दुसऱ्या बाजूने. गडगा कुठे मोडलेला होता, पावसाचं पाणी कुठल्या कोपऱ्यात साचायचं, झापांचं फाटक नेमकं कुठे होतं हे त्यांनी जितकं अचूक सांगितलं तितकं गॅलरीतल्या कोणीही सांगितलं नाही. त्या यादीत पहिल्या आठवड्यापासून असत्या तर फाटकाच्या जागेवरून झालेला वाद झालाच नसता.

तिसरी, चाकरमान्यांची. मुंबईत राहणाऱ्या जुन्या खेळाडूंना फोनवर विचारणं फारसं उपयोगी पडलं नाही. जागेवर उभं राहिल्याशिवाय जागा आठवत नाही. ते मे महिन्यात किंवा गणपतीला गावी येतातच. खुंट्यांचं काम त्या दिवसांत ठेवायला हवं होतं, म्हणजे आणखी दोन गोलकीपर मिळाले असते. त्यातले एक आता प्रवास करू शकत नाहीत. त्यांना वाचनालयातल्या नकाशाची प्रत पाठवली, आणि त्यांनी तुटक रेषेतल्या दक्षिणेच्या गोलावर पेन्सिलीने फुली मारून तो दोन पावलं पूर्वेला दाखवून परत पाठवला आहे. ती दुरुस्ती तपासायची तर संकुलाच्या जिन्याखालची फरशी उचलावी लागेल. दुकानदारांशी त्याबद्दल बोलणं सुरू आहे.